गवत ते हरीण, त्या एका बाणात केवढं जग आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात मुलांच्या पानावर अन्नसाखळीचं मोठं रंगीत चित्र आलं होतं. वर सूर्य, मग गवत, मग हरीण, मग वाघ, खाली कोपऱ्यात बुरशी आणि जिवाणू, आणि त्या बुरशीपासून वळून परत गवताकडे जाणारा एक जाड पिवळा बाण, त्यावर ठळक अक्षरात ‘ऊर्जा’. चित्र छान होतं, काढणाऱ्याच्या हातात कला आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तो शेवटचा पिवळा बाण साफ चुकीचा आहे. मी आठवी ते दहावीच्या मुलांना सायन्स शिकवते आणि दरवर्षी हाच बाण पोरांच्या वह्यांमधून खोडत असते, आणि सोमवारी क्लासला चार जण तेच चित्र कापून वहीत चिकटवून घेऊन आले, मॅडम बघा पेपरमध्ये पण असंच दिलंय म्हणून. छापून आलंय म्हणजे खरं असणार असं मुलांना वाटतं आणि तसं वाटण्यात त्यांची काहीच चूक नाही. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आधी तो बाण. पालापाचोळा, मेलेलं जनावर, शेण हे सगळं बुरशी आणि जिवाणू कुजवतात, त्यातून नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश मातीत परत येतं, कार्बन हवेत परत जातो आणि गवत ते सगळं पुन्हा उचलतं. इथपर्यंत चक्र आहे, पदार्थ खरोखर फिरत राहतात. पण त्या पाल्यात जी ऊर्जा होती ती गवताला परत मिळत नाही. ती बुरशीने स्वतःच्या जगण्यासाठी खर्च केली आणि तिची उष्णता झाली. कंपोस्टच्या ढिगात हात घातला की आत गरम लागतं ना, तीच ती. ती उष्णता हवेत जाते, तिथून आकाशात जाते आणि विषय संपला. ती उष्णता पकडून तिची साखर करणं कुठल्याच गवताला जमत नाही, त्याला प्रकाशच लागतो आणि तो रोज नव्याने यावा लागतो. पदार्थाचं चक्र आणि ऊर्जेचा प्रवाह, हा एवढा एक फरक मुलाच्या डोक्यात बसला तर पुढचा अर्धा धडा आपोआप कळतो, आणि तोच चुकीचा बसला तर मूल समजतं की जंगल म्हणजे आपलं आपणच चालणारं मशीन आहे, बाहेरून काही आलं नाही तरी चालेल.

गळती किती मोठी असते ते आकड्यांशिवाय कळत नाही. हॉवर्ड ओडम या अमेरिकन शास्त्रज्ञाने फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा पूर्ण हिशोब मांडून १९५७ साली छापला होता. तिथे एका चौरस मीटरमध्ये वर्षभरात पाण्यातल्या वनस्पतींनी २०,८१० किलोकॅलरी एवढी ऊर्जा अन्नात साठवली. त्यातल्या जवळपास १२ हजार त्यांनी स्वतःच्याच श्वसनात जाळल्या, उरल्या ८,८३३. शाकाहारी प्राण्यांपर्यंत पोचल्या ३,३६८. त्या शाकाहाऱ्यांना खाणाऱ्यांपर्यंत ३८३. आणि सगळ्यात वर बसलेल्या शिकाऱ्यांपर्यंत फक्त २१. वीस हजारातले एकवीस! मी हे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिते आणि काहीच न बोलता थांबते, मग कोणीतरी हमखास विचारतं की मॅडम वाघाला खाणारा प्राणी का नाही. कारण त्या एकवीसमधून अजून एक पायरी काढायची तर त्या प्राण्याला पोट भरायला किती मोठा मुलूख फिरावा लागेल ते बघा, फिरण्यातच मिळवलेलं सगळं संपेल. दुसरीही कारणं असतात पण हे मोठं कारण आहे.

आणि आपण जो १० टक्क्यांचा नियम, म्हणजे प्रत्येक पायरीवरून पुढच्या पायरीला फक्त दहा टक्के ऊर्जा पोचते असा, मुलांकडून पाठ करून घेतो तो नियम म्हणजे फक्त अंदाज आहे, हेही सांगायला हवं. ज्याच्या कामावर तो उभा आहे तो अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड लिंडमन, मिनेसोटातल्या सेडर बॉग नावाच्या एका लहानशा तळ्यात खपून त्याने कोण कोणाला खातं आणि किती खातं हे मोजलं. त्याच्या स्वतःच्या तळ्यातले आकडे आहेत शाकाहाऱ्यांसाठी १३.३ टक्के आणि त्यांच्या वरच्यांसाठी २२.३ टक्के, दहा कुठेच नाही. त्याचा पेपर परीक्षकांनी आधी नाकारला होता, आकड्यांच्या मानाने सिद्धांत फार आहे म्हणून. येल विद्यापीठातले शास्त्रज्ञ जॉर्ज हचिन्सन यांनी त्याची बाजू लावून धरली तेव्हा तो स्वीकारला गेला आणि १९४२ साली छापून आला, पण तोपर्यंत लिंडमन आजारपणात गेला होता, वय २६. मला दरवर्षी हे सांगताना वाईट वाटतं. मुलांना १० टक्के आठवतात, तो माणूस कोणालाच माहीत नसतो.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ही फक्त आपल्या चित्राबद्दल नाही, पुस्तकांबद्दलपण आहे. पुस्तकात ऊर्जाप्रवाह एका धड्यात असतो आणि सहजीवन दुसऱ्या धड्यात, जणू दोघांची ओळखसुद्धा नाही. ऊर्जाप्रवाहात सगळे एकमेकांना खातात आणि सहजीवनात सगळे एकमेकांना मदत करतात. मूल विचारतं की मग निसर्ग नक्की कसा आहे, मारामारीचा की मैत्रीचा? माझं म्हणणं असं की हे दोन धडे नाहीतच, एकच धडा आहे, आणि तो आपल्या त्या चित्रातल्या गवत ते हरीण या एका बाणावरून पूर्ण शिकवता येतो. कसं ते सांगते.

हरीण गवत खातं असं आपण म्हणतो पण हरणाला गवत पचत नाही. गवताचा मोठा भाग सेल्युलोज असतो आणि तो तोडणारं एन्झाइम हरणाच्या स्वतःच्या शरीरात तयारच होत नाही. गाय, म्हैस, शेळी, सगळ्या रवंथ करणाऱ्यांचं तसंच. त्यांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जिवाणू, एकपेशीय जीव आणि बुरशी यांची अफाट वस्ती असते, गवत खरं तर तेच खातात, आंबवतात, आणि आंबवताना जी आम्लं बाहेर टाकतात त्यावर ते जनावर जगतं, आणि नंतर ते जिवाणूच पुढच्या कप्प्यात वाहून गेले की त्यांनाही पचवतं, तेच त्याचं प्रोटीन. म्हणजे गवत आणि हरीण यांच्या मधे एक पूर्ण पायरी आहे जी चित्रात कधीच नसते. बदल्यात त्या जिवाणूंना काय मिळतं, तर ऊब, ओलावा, हवा नसलेली जागा आणि दिवसभर तोंडाशी आणून दिलेला चारा. आणि हा सौदा फुकटात होत नाही बरं का, इथेही गळती आहे. पोटातले काही सूक्ष्मजीव मिथेन बनवतात आणि तो ढेकर देऊन बाहेर जातो. गुरांवर मोजलंय, खाल्लेल्या ऊर्जेतली २ ते १२ टक्के अशी मिथेनमधून निघून जाते. सहजीवन आणि ऊर्जाप्रवाह एकाच पोटात!

बाणाच्या मागच्या टोकाला या, गवताकडे. गवताची मुळं एकटी नसतात. त्यांच्या पेशींच्या आत शिरलेली बुरशी असते आणि तिचे धागे केसापेक्षा बारीक, मुळाला जिथे शिरताच येणार नाही अशा मातीच्या फटींतून ते फॉस्फरस ओढून आणतात. अल्बर्ट फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली या जोडीला मायकोरायझा म्हणजे बुरशी-मूळ असं नाव दिलं. जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींना अशी बुरशी असते आणि सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांमध्येसुद्धा ती सापडलीय. वनस्पती तिला साखर देते, स्वतः बनवलेल्या साखरेतली अगदी २० टक्क्यांपर्यंतसुद्धा. जरा थांबून बघा हा आकडा. प्रकाशातून इतक्या मुश्किलीने मिळवलेलं, त्यातला एवढा वाटा जमिनीखाली दुसऱ्या जीवाला द्यायचा, आणि आपल्या चित्रात जमिनीखाली काय असतं, तर तपकिरी रंग.

आणि अजून आत जा. गवताच्या पानातला हिरवा कण, हरितलवक, ज्यात सगळा प्रकाश पकडला जातो, तो कोणे एके काळी स्वतंत्र जगणारा जिवाणू होता. हरणाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीतली तंतुकणिका, जिथे ती ऊर्जा शेवटी वापरात येते, तीपण एके काळचा जिवाणूच. दोघांकडे आजही स्वतःचा वेगळा डीएनए आहे. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली हे सविस्तर मांडलं, तो पेपरही आधी ठिकठिकाणहून परत आला होता, आज पुस्तकात आहे. मग आता सांगा, गवत ते हरीण या बाणात मुळाची बुरशी आली, पानातला जुना जिवाणू आला, पोटातले जिवाणू आले, पेशीतला जुना जिवाणू आला. सहजीवन काढून टाकलं तर त्या बाणात उरतं काय?

नायट्रोजनचं उदाहरण मी मुलांना हातात देते. शेंगवर्गातलं कुठलंही रोप मुळासकट उपटायचं, मुळावरची गाठ नखाने फोडायची. आत गुलाबी निघाली तर समजायचं की काम चालू आहे. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच भावकीतल्या प्रोटीनचा, ते प्रोटीन ऑक्सिजन धरून ठेवतं, कारण आतल्या रायझोबियम जिवाणूंचं नायट्रोजन तोडणारं एन्झाइम ऑक्सिजनने निकामी होतं. हवेतल्या नायट्रोजनचा एक रेणू तोडायला एटीपीचे १६ रेणू लागतात. एटीपी म्हणजे पेशीचं सुटं चलन म्हणा. हे सगळं बिल झाडाने बनवलेल्या साखरेतून भरलं जातं. म्हणून मातीत खताचा नायट्रोजन आधीच भरपूर असेल तर झाड गाठी कमी करतं, कशाला महागातलं घ्यायचं. फॉस्फरस भरपूर असेल तर बुरशीचा वाटापण कमी होतो. म्हणजे ही नाती मायेवर चालत नाहीत, हिशोबावर चालतात.

हिशोब किती कडक असतो यावर एक प्रयोग मला फार आवडतो. टोबी कियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या काही गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून त्या जागी आर्गॉन भरला. जिवाणू तेच, पण आता नायट्रोजन नाही म्हणून ते झाडाला काही देऊ शकत नव्हते. झाडाने त्या गाठींचा ऑक्सिजन तोडला आणि तिथल्या जिवाणूंची वाढ बाकीच्यांच्या मानाने जवळपास अर्ध्यावर आली. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. झाडाला मेंदू नाही, पण पैसे घेऊन काम न करणाऱ्याचं त्याने काय केलं बघा.

हे मी मुद्दाम लिहितेय कारण हल्ली दुसऱ्या टोकाची चूकपण फार दिसते. झाडं जमिनीखाली बुरशीच्या इंटरनेटने एकमेकांशी बोलतात, आई झाड पिल्लांना दूध पाजावं तशी साखर पाजतं, असे व्हिडिओ मुलं मला दाखवतात. कॅनडाच्या वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड यांचा १९९७ चा प्रयोग खरा आहे, खुणेचा म्हणजे माग काढता येईल असा कार्बन एका झाडातून दुसऱ्या जातीच्या झाडात गेलेला त्यांनी दाखवला. पण त्यावरून जंगलातली झाडं एकमेकांना पोसतात इथपर्यंत उडी मारायला पुरेसा पुरावा नाही, असं याच विषयातल्या तीन शास्त्रज्ञांनी २०२३ साली सगळे अभ्यास तपासून लिहिलंय. मला वाटतं मुलांना हे दोन्ही सांगावं. आणि सहजीवन या शब्दाचा अर्थच मुळात मैत्री असा नव्हता. जर्मन शास्त्रज्ञ अँटोन द बारी यांनी १८७९ साली तो शब्द वापरला तो वेगवेगळ्या जातींच्या जीवांनी एकत्र राहणं एवढ्याच अर्थाने, त्यात परजीवीपण आले. गोचीड आणि गाय हेसुद्धा त्यांच्या व्याख्येत सहजीवनच.

मग जीव एवढी कटकट करून एकत्र राहतात कशाला? मला उत्तर त्या गळतीत दिसतं. प्रत्येक पायरीला एवढी ऊर्जा वाया जात असेल तर ज्याला पायरीच गाळता येईल, किंवा जे दुसऱ्याला जमत नाही ते करून देऊन वाटा मिळवता येईल, तो टिकेल. प्रवाळ बघा, म्हणजे समुद्रात वसाहत करून राहणारे पोवळ्याचे प्राणी. उष्ण कटिबंधातलं निळंशार स्वच्छ पाणी, दिसायला सुंदर पण त्यात पोषण जवळजवळ नाही, आणि तिथेच समुद्रातली सगळ्यात गजबजलेली वस्ती. कारण प्रवाळाने आपला उत्पादक स्वतःच्या पेशीतच ठेवलाय, एक सूक्ष्म शैवाल. शैवाल प्रकाशातून साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा थेट प्रवाळाला, काही प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत गरज त्यातून भागते. प्रवाळाची टाकाऊ नायट्रोजनयुक्त द्रव्यं शैवालाला खत म्हणून. शोधणं, पकडणं, चावणं यातला कितीतरी खर्च वाचला. पण पाणी नेहमीच्या उन्हाळ्याच्या कमाल तापमानापेक्षा १ अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की ही जोडी फुटते, शैवाल बाहेर टाकलं जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि तसंच राहिलं तर उपाशी मरतं. एप्रिल २०२४ मध्ये जगातली अशी चौथी मोठी विरंजनाची, म्हणजे प्रवाळ पांढरं पडण्याची घटना अधिकृतपणे जाहीर झाली. बातमीत प्रवाळ ‘रंग गमावतात’ असं येतं. रंग कसला, त्यांचं ताट ओढून घेतलेलं असतं.

किंवा समुद्राच्या तळाचे नळीसारखे किडे. १९७७ साली गॅलापॅगोसजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर गरम पाण्याचे झरे सापडले आणि त्यांच्या भोवती माणसापेक्षा उंच वाढणारे हे प्राणी, ज्यांना ना तोंड ना आतडं. खातात काय हे कळेना. कॉलीन कॅव्हनॉ तेव्हा विद्यार्थिनी होती, तिने म्हटलं की आत जिवाणू असणार, झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडवर जगणारे, आणि ते बरोबर निघालं. इथे सूर्य लागतच नाही असं सर्रास लिहितात, तेही पूर्ण खरं नाही, कारण ते सल्फाइड वापरायला जो ऑक्सिजन लागतो तो वर उजेडात झालेल्या प्रकाशसंश्लेषणातूनच पाण्यात आलेला असतो.

अजून एकच सांगते. केनियातल्या एका जातीच्या बाभळीला पोकळ फुगीर काटे असतात, त्यात मुंग्या राहतात, झाड त्यांना मधासारखा गोड रसपण देतं आणि बदल्यात त्या मुंग्या हत्ती-जिराफाला चावून चावून पळवतात. तिथे काही जागांना कुंपण घालून मोठे प्राणी दहा वर्षं आत येऊच दिले नाहीत. आपल्याला वाटेल झाडांची चंगळ झाली असेल. उलट झालं. खाणारं कोणी नाही म्हणून झाडांनी काटे आणि रस कमी केला, राखण करणाऱ्या मुंग्या कमी झाल्या, दुसऱ्या जातीच्या मुंग्या आल्या ज्या झाडाची काळजीच घेत नाहीत, उलट लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना रान मोकळं, आणि झाडं हळू वाढायला आणि जास्त मरायला लागली. टॉड पामर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे छापलं. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. झाडाला खाणारा जिराफ काढला आणि झाडच मेलं. साखळीतला एक खाणारा बाण पुसला तर शेजारचा मदतीचा बाणपण पुसला जातो, हे कुठल्याच चित्रात दिसत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ते चित्र दुरुस्त करून त्याच पानावर तेवढंच मोठं पुन्हा छापा, कोपऱ्यात दोन ओळींचा खुलासा नको, तो मुलं वाचत नाहीत. ऊर्जेचे बाण एका रंगाचे करा आणि ते वर जाता जाता बारीक होत जाऊ द्या, आणि गवत, हरीण, वाघ, बुरशी या प्रत्येकापासून एक लाल बाण बाहेर आकाशाकडे, त्यावर ‘उष्णता’. पदार्थांचे बाण दुसऱ्या रंगाचे, ते खुशाल गोल फिरू देत, बुरशीपासून गवताकडे हाच बाण जाईल, फक्त त्याच्यावरचं नाव बदलेल. गवताच्या मुळाशी बुरशीचे धागे काढा. हरणाच्या पोटात एक छोटी खिडकी काढून आत जिवाणू दाखवा. जागा उरलीच तर बाजूला एक मुळावरची गाठ फोडलेली, गुलाबी रंगात.

चार जणांच्या वहीत जुनं चित्र अजून तसंच आहे. मी ते काढायला लावलेलं नाही, शेजारचं पान कोरं ठेवायला सांगितलंय.

आपली,
विज्ञान शिकवणारी एक नियमित वाचक